कॅप्टनलाही भांडी चुकत नाहीत

'तारा' या बोटीवर पाळ्यांचा तक्ता सगळ्यांना सारखाच लागू असतो. आज भांडी कोणाची, झाडलोट कोणाची, रात्रीचा पहारा कोणाचा हे त्यात ठरलेलं असतं. कॅप्टनचं नाव त्यात असतं आणि एखाद्या नामवंत जीवशास्त्रज्ञाचंही. फ्रान्सच्या लोरियाँ बंदराची ही 36 मीटर लांबीची, दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट. तिच्यावर साधारण चौदा-पंधरा माणसं आठवडेच्या आठवडे एकत्र राहतात: खलाशी, इंजिनिअर, स्वयंपाकी, संशोधक, पत्रकार आणि बरेचदा एखादा चित्रकारसुद्धा.

बोट मुळात बांधली गेली बर्फासाठी, 1989 साली. फ्रेंच डॉक्टर आणि ध्रुवप्रवासी ज्याँ-लुई एतिएन यांनी ती बांधून घेतली, तेव्हा तिचं नाव 'अंटार्क्टिका' होतं. पुढे न्यूझीलंडचे दर्यावर्दी पीटर ब्लेक यांच्याकडे ती 'सीमास्टर' झाली. डिसेंबर 2001 मध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी लुटारू बोटीवर चढले आणि त्यांच्या गोळीने ब्लेक यांचा जीव गेला. 2003 मध्ये मालक बदलले आणि ती 'तारा' झाली.

ॲल्युमिनियमचा तिचा तळ करवंटीसारखा गोल आहे. चारी बाजूंनी बर्फ दाबू लागला की बोट चिरडली जात नाही, वर उचलली जाते. उघड्या समुद्रात मात्र हाच गुण अंगाशी येतो, कारण गोल तळाची बोट लाटेवर सतत डुलते. बोट लागलेल्या माणसाने त्या डुलण्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा म्हणजे शिक्षाच.

2009 ते 2013 या काळात 'तारा'ने जगभरच्या समुद्रांत 210 ठिकाणी थांबून प्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या जिवांचे, नमुने गोळा केले. शिडाच्या बोटीवरचे सर्वांत कष्टाचे दिवस हे असे थांबण्याचेच. शिडं उतरतात आणि मागच्या बाजूच्या विंचवरून 'रोझेट' पाण्यात सोडलं जातं. गोल चौकटीत उभ्या बसवलेल्या बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली जातात आणि ठरलेल्या खोलीवर मिटतात. सोबतची यंत्रं तापमान, क्षारता, ऑक्सिजन नोंदत असतात. काही वेळा हे सगळं हजार मीटरपर्यंत जातं. तेवढा वेळ बोट वाऱ्याने सरकू न देणं, केबल तळाखाली किंवा पंख्याकडे जाऊ न देणं हे सुकाणूवरच्या माणसाचं काम. त्याचा हात चुकला तर संशोधकाची सगळी तयारी समुद्राच्या तळाशी.

पाणी वर आलं की खरी घाई सुरू होते. पेशींमधलं आरएनए फार लवकर नासतं. म्हणून डेकवरच पंप लावून पाणी एकाखाली एक अशा बारीक होत जाणाऱ्या चकत्यांतून गाळायचं. शेवटच्या चकतीची छिद्रं 0.22 मायक्रॉनची. चिमट्याने चकती उचलायची, घडी घालून नळीत सरकवायची, बारकोड चिकटवायचा आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. विषाणू यातूनही निसटतात. त्यासाठी गाळलेल्या पाण्यात लोहाचा क्षार मिसळतात. विषाणू त्याला चिकटून गुठळ्या होतात आणि मग ते गाळता येतात. तोवर दुसरीकडे जाळ्या ओढणं चालूच असतं, 5 मायक्रॉनच्या विणीपासून 680 मायक्रॉनपर्यंत. एका ठिकाणचं काम कधी दोन दिवसही चालतं. मध्येच ढग दाटून आले तर झोपलेल्यांनाही उठावं लागतं.

मार्च 2010 मध्ये हाच सगळा खटाटोप आपल्या अरबी समुद्रात चालला होता. तिथे मधल्या खोलीवर पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अनेक वर्षं अभ्यासलेला हा थर. एवढ्या गुदमरलेल्या पाण्यातही जगणारं कोण आहे, ते पाहायचं होतं.

एवढ्या राबणाऱ्या माणसांना सांभाळतं ते स्वयंपाकघर. बंदर सोडल्यावर पालेभाज्या आधी संपवायच्या, मग टोमॅटो. कोबी, कांदे, बटाटे शेवटपर्यंत पुरवायचे. पाव बोटीवरच भाजला जातो. गोडं पाणी समुद्राचंच, यंत्राने क्षार काढलेलं, त्यामुळे अंघोळ आटोपशीर. जेवायला मात्र सगळे एकाच मोठ्या टेबलाभोवती बसतात. माझ्या मते बोटीतलं सर्वांत महत्त्वाचं उपकरण हेच. दोन दिवस न झोपलेली माणसं एकमेकांवर खेकसू लागली की ती निवळतात इथेच.

याच बोटीने त्याहून अवघड संसारही पाहिला आहे. सप्टेंबर 2006 मध्ये तिला मुद्दामच आर्क्टिकच्या बर्फात अडकवून ठेवलं गेलं. बर्फ वाहत गेला तशी तीही गेली आणि 507 दिवसांनी, जानेवारी 2008 मध्ये, सुटली. बर्फाबरोबरच्या अशाच प्रवासाला नॉर्वेच्या नान्सेन यांच्या 'फ्राम' जहाजाला 1893 ते 1896 अशी तीन वर्षं लागली होती. बर्फातल्या 'तारा'वर पाणी मिळवायचं ते बर्फ वितळवून. सोबत झाग्रे आणि टिक्सी हे दोन कुत्रे होते. ध्रुवीय अस्वल आलं की भुंकून सावध करणं ही त्यांची पाळी.

प्लवकांचे ते 35,000 नमुने बंदराबंदरांतून, वाटेत कुठेही न वितळता, युरोपातल्या प्रयोगशाळांत पोचले. मे 2015 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने त्यांतल्या पहिल्या निष्कर्षांवर विशेषांक काढला. त्यात सूक्ष्मजीवांची सुमारे 4 कोटी जनुकं होती आणि बहुतेक विज्ञानाला नवी होती. पुढच्याच वर्षी 'तारा' प्रवाळांच्या अभ्यासासाठी प्रशांत महासागराकडे निघाली.