टनामागे पाच रुपये
(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

नाशिकरोड म्हटलं की बाहेरच्या माणसाला नोटांचा छापखाना आठवतो, सिंहस्थाला येणाऱ्याला स्टेशन आठवतं. पण स्टेशनालगतच्या मालधक्क्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. तिथे सिमेंटची, खताची रेक लागते. वाघिणींची दारं उघडतात आणि माणसं पाठीवर पोती घेऊन ट्रककडे चालू लागतात. आपल्या घराच्या स्लॅबमधलं सिमेंट आणि जिल्ह्यातल्या द्राक्षबागांना पडलेलं खत यांतलं बरंचसं कधी ना कधी अशा कुणाच्या तरी पाठीवरून गेलेलं असतं.

या माणसांचा दरवाढीचा करार संपत आला की धक्क्यावर एकच विषय असतो. संप करायचा का? आज त्याबद्दलच बोलू. संप चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू. टोळीतला माणूस या प्रश्नाचा हिशेब कसा मांडतो, एवढंच पाहू.

पगारदार माणसाचा संप आणि हमालाचा संप यांत पहिलाच फरक असा की हमालाला महिन्याचा पगार नाही. त्याची मजुरी टनावर किंवा पोत्यावर असते. टोळीनं माल उतरवला, मुकादमानं हजेरी आणि वजन लिहिलं, मजुरी टोळीत वाटली गेली. काम नाही त्या दिवशी शून्य. त्यामुळे संपाच्या काळातला पगार मिळेल का, हा बँकेत किंवा सरकारी कचेरीत हमखास निघणारा प्रश्न इथे निघतच नाही.

आता आकडे घेऊ. बंद वाघिणींच्या रेकमध्ये साधारण ४२ वाघिणी असतात आणि सगळ्यांत मिळून सुमारे २,६०० टन माल येतो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, म्हणजे एका रेकमध्ये बावन्न हजार पोती. ती १३० माणसांनी उतरवली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टन, म्हणजे ४०० पोती येतात. दर ठिकाणाप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतो. हिशेबापुरता आपण टनाला ५० रुपये धरू. एका रेकचे माणशी १,००० रुपये झाले. मागणी दहा टक्के वाढीची असेल तर ती टनामागे पाच रुपये, म्हणजे रेकमागे १०० रुपये. संपात तीन रेक हातच्या गेल्या तर ३,००० रुपये बुडाले. ते भरून यायला वाढीव दरानं ३० रेक उतरवाव्या लागतात. महिन्याला दहा रेक धरल्या तर तीन महिने गेले. तेही मागणी पूर्ण मान्य झाली तर. निम्म्यावर तडजोड झाली तर सहा महिने. तोवर किराणा दुकानदाराची उधारी थांबत नाही.

मग हमालाच्या हाती ताकद कुठली? ती घड्याळात आहे. रेल्वे धक्का देते, पण मजुरी देत नाही. ती माल मागवणाऱ्याला रेक रिकामी करायला ठरावीक तास देते. ते उलटले की वाघिणीमागे तासाच्या हिशेबानं डेमरेज लागतं. तासाला दीडशे रुपये धरले तर ४२ वाघिणींचे तासाला ६,३०० रुपये, म्हणजे दिवसाला दीड लाखाच्या वर. शिवाय उतरलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर त्याचं वेगळं भाडं. म्हणजे टोळीनं हात आखडले की तिकडे मीटर पडायला लागतं. खरिपाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, खताच्या रेका येतात तेव्हा हे मीटर फारच जोरात पळतं. म्हणून अनुभवी मुकादम महिना पाहून बोलतो.

या ताकदीला मर्यादाही आहे. एकदा-दोनदा डेमरेज भरावं लागलं की माल मागवणारा पुढची रेक दुसऱ्या स्टेशनच्या धक्क्यावर उतरवता येईल का, याची चौकशी करतो. ट्रकभाडं थोडं वाढेल, पण कटकट टळेल. धक्का हलला तर पाच रुपयेही जातात आणि पन्नासही. एवढ्यासाठीच अनेक संप नोटिशीवरच मिटतात. तो माझ्या मते दुबळेपणा नसून दोन्ही बाजूंना घड्याळ दिसत असल्याचा परिणाम आहे.

एक बारीक गोष्ट सांगतो. २०१८ साली युरियाचं पोतं ५० किलोचं ४५ किलोचं झालं. पाठीला आराम, असं आपल्याला वाटेल. पण मजुरी टनावर असेल तर पूर्वी एका टनाला २० खेपा होत्या, त्या आता २२च्या वर गेल्या. मजुरी पोत्यावर असेल आणि पोत्याचा दर तोच राहिला, तर फायदा हमालाचा. दर कशावर मोजायचा, हे दर किती याच्याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

पण मजुरीच्या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे मजुरी कोणाच्या हातून येते. यासाठी थोडं मागे जावं लागेल.

साठच्या दशकापर्यंत हमालाला मालक असा नव्हताच. व्यापारी म्हणायचा, हा वाहतूकवाल्याचा माणूस. वाहतूकवाला म्हणायचा, हा मुकादमाचा. आणि खरंच, तो सकाळी एकाचा माल उचलायचा, दुपारी दुसऱ्याचा. मग भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? पाय मोडला तर कोणाच्या दारात जायचं? गोदीत हाच प्रश्न होता, आणि १९४८च्या गोदी कामगार कायद्यानं त्यावर उपाय काढला होता. सगळ्या मालकांच्या वतीनं एक मंडळ, आणि कामगाराची नोंद त्या मंडळाकडे. मुंबईच्या बाजारांतल्या माथाड्यांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं, लढे दिले, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहणं, तोलणं, मापणं ही कामं त्यात येतात. नाशिकलाही असं माथाडी मंडळ आहे.

याची रचना साधी आहे. मालकानं नोंदणी करायची, कामगारानं नोंदणी करायची. मालकानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्ही वेगळी भरायची. ही लेव्ही कामगाराच्या मजुरीतून कापायची नसते, ती मालकानं वर द्यायची असते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी हे सगळं तिच्यातून चालतं. तिचा दर मंडळागणिक वेगळा. हिशेबापुरते ३० टक्के धरले, तर आपल्या १,००० रुपयांच्या रेकवर ३०० रुपये होतात.

आता मघाची दहा टक्क्यांची मागणी शेजारी ठेवून पाहा. वाढीचे १००, लेव्हीचे ३००. मालकानं टोळीला गाठून सांगितलं, मंडळाची भानगड कशाला, मी टनाला पाच नाही, सात रुपये वाढवून रोख हातात देतो, तर संध्याकाळी खिसा जड वाटतो. पण १४० मिळवताना ३०० गेलेले असतात, आणि ते गेल्याचं कळतं पन्नाशीत, कंबर गेल्यावर. अशा वेळी संप न करताच हमाल हरलेला असतो. लेव्ही थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण नोंदच नसेल तर थकबाकी कसली?

लेव्हीवरून किती पेटू शकतं, हे आपल्या जिल्ह्यानं एप्रिल २०२४ मध्ये पाहिलं. हमाली, तोलाई आणि त्यावरची लेव्ही कोणी भरायची या वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांदा लिलाव बंद पडले. त्यात व्यापारी आणि माथाडी समोरासमोर होते, पण ट्रॅक्टरमध्ये कांदा घेऊन मधल्या मधे अडकला तो शेतकरी. हमाली आपल्या पट्टीतून का कापता, हा त्याचा प्रश्न जुना आहे आणि मला तो रास्त वाटतो. उद्योजकांचीही एक तक्रार ऐकायला हवी. माथाडीचं नाव पुढे करून, काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या औद्योगिक वसाहतींत झाल्या, असं ते सांगतात. ती खोटी नाही. मात्र त्या निमित्तानं २०२३ साली आलेल्या दुरुस्ती विधेयकाला माथाडी संघटनांनी कडाडून विरोध केला, तोही समजण्यासारखा आहे. पाकीटमार गर्दीत शिरतो म्हणून कुणी बाजार बंद करत नाही.

संपात खायचं काय, हा प्रश्न जगभर एकच. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला पाचऐवजी सहा पेन्स मागितले. शिवाय बोलावलं तर निदान चार तासांचं काम द्या, अशी मागणी केली. महिनाभर संप चालला. घरं उपाशी राहू लागली तेव्हा पैसे आले ते थेट ऑस्ट्रेलियातून, तीस हजार पौंडांच्या वर. मागणी मान्य झाली. आपल्याकडे टोळीमागे गाव असतं, भाऊबंद असतात, चार पायल्या ज्वारी असते. पण शेती अंगठ्याएवढी झाली तसा तोही आधार आटला.

संपाचा कायदाही आता बदलला आहे. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात सक्तीची आगाऊ नोटीस मुख्यतः लोकोपयोगी सेवांना लागायची. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यानुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी. समेटाची बोलणी सुरू झाली की संप करता येत नाही, आणि ती संपल्यावरही सात दिवस थांबावं लागतं. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. आता घड्याळाशी ताडून पाहा. रेकला तासांची मुदत, आणि नोटिशीला १४ दिवसांची. दोन आठवड्यांत मालवाला आपल्या रेकची सोय दुसरीकडे लावू शकतो. कामगाराच्या हातचा पत्ता इथे बराच हलका झाला, असं माझं मत आहे.

आणि महामार्गालगतच्या नव्या गोदामांत, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यांमागे धावणारी जी पोरं आहेत, त्यांचं काय? हातात यंत्र आहे, अंगात टी-शर्ट आहे, पण हजेरी कंत्राटदाराच्या वहीत. कंत्राटदार वर्षाला बदलतो. गोदाम एकाचं, माल दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची. त्यांनी १४ दिवसांची नोटीस लिहायची ठरवली, तर वर नाव कोणाचं घालायचं, इथूनच सुरुवात करावी लागेल. १९६९च्या आधी धक्क्यावरचा हमाल नेमका इथेच उभा होता.