शेंगदाण्यांची वाटी आणि इंग्रजीचा पेपर

गेल्या वर्षी गौरी-गणपती होऊन आठच दिवस झाले होते. दुपारची झाकपाक करून मी जरा टेकले, तोच शेजारच्या मावशी दारात. हातात सुनेचा मोबाईल, डोळ्यांत पाणी.

"बघ गं जरा. कुठं साडेसात लिहिलंय, कुठं सात. तरी पुरेना म्हणते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही पोरीच्या. हे कसले मार्क म्हणायचे?"

मी पाहिलं. आयईएलटीएस नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल होता. ऐकणं ७.५, वाचणं ७, बोलणं ६.५ आणि लिहिणं ५.५.

मावशींची सून नर्स आहे. मराठी शाळेत शिकलेली, पुढे जीएनएमचा कोर्स केलेली. आमच्या बार्शीतल्याच एका खासगी दवाखान्यात पाच वर्षं नोकरी करते. नवऱ्याचा टेम्पो आहे, पण त्याच्या हप्त्यांतच पगार जातो. मुलगा चार वर्षांचा. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तिच्या मनानं घेतलं होतं. तिथं नाव नोंदवायचं तर इंग्रजी येतं हे आधी सिद्ध करावं लागतं. या परीक्षेत ९ पैकी गुण देतात. नर्सला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात निदान ६.५ हवेत, शिवाय सरासरीही ७ हवी. फी पंधरा हजारांच्या वर, क्लासचे पैसे वेगळे. त्यासाठी मावशींनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. आता कळलं ना, डोळ्यांत पाणी का होतं ते?

तशीच उठून त्यांच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "काकू, शब्दांची यादी अख्खी पाठ केली हो मी. हजार शब्द. तरी लिहिण्यातच गेलं."

मी वही मागितली. पहिलाच निबंध उघडला, तर त्यात 'प्लेथोरा' हा शब्द तीनदा.

"म्हणजे काय गं?"

"खूप, पुष्कळ."

"मग साधं 'मेनी' का नाही लिहिलंस?"

"क्लासमध्ये सांगितलं होतं, जड शब्द घातले की मार्क पडतात. आणि निबंधाचा साचा पण दिला होता. फक्त मधला विषय बदलायचा."

मैत्रिणींनो, इथंच मेख होती. या परीक्षेत लिहिण्याचे गुण चार गोष्टींवर सारखे वाटलेले असतात. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मुद्दे नीट जोडलेत का, शब्द योग्य जागी आलेत का, आणि व्याकरण. तपासणारा असे शेकडो पेपर पाहतो. पाठ केलेला साचा त्याला ओळखू येणारच. पोळ्या विकतच्या आहेत की घरच्या, हे आपल्याला पहिल्या घासाला कळतं ना, तसंच.

आता खरं सांगायचं तर माझं इंग्रजी काही तिच्यापेक्षा वरचढ नव्हतं. मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. तिच्या पिढीला पहिलीपासून, कारण आपल्या राज्यात मराठी शाळांत २००० सालापासून ते पहिलीला आलं. पण भीती दोघींची एकच. माझ्या मुलाच्या शाळेत पालक सभा असायची, तेव्हा बाई इंग्रजीत बोलायच्या आणि मी अर्धंमुर्धं समजून 'यस, यस' म्हणत मान हलवून यायची. घरी आल्यावर स्वतःचाच राग यायचा. म्हणून तिला म्हटलं, "मी शिकवणार नाही, मीही शिकेन. तू तुझ्या ड्यूटीवरून आलीस की रोज तासभर बसू." गल्लीतले एक निवृत्त सर दर रविवारी वह्या तपासून द्यायला तयार झाले. माझ्या वडिलांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला माळ्यावरून काढली आणि सुरुवात केली.

मराठीच कामाला आली

आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या चुका शंभर दिसत होत्या, पण जाती पाच-सहाच होत्या. आणि त्यातल्या बहुतेकींचं मूळ मराठीत होतं. मग आम्ही उलट केलं. मराठीच पुढं घेऊन बसलो.

'अ' आणि 'द' तिचे नेहमी गळायचे. मराठीत ते नाहीतच, तर आठवणार कुठून? पण श्रावणातल्या कहाण्या आठवा. आधी 'एक' राजा येतो, मग 'तो' राजा येतो. पहिल्यांदा ओळख करून देतो तेव्हा 'एक', ओळख झाली की 'तो'. इंग्रजीतही पुष्कळदा हेच चालतं. एक पेशंट आला, 'अ पेशंट'. त्या पेशंटला ताप होता, 'द पेशंट'. ती हसून म्हणाली, "एवढंच होतं होय!" एवढंच नाहीये, पुढे खाचाखोचा बऱ्याच आहेत. पण निम्म्या चुका इथंच थांबल्या.

दुसरं, 'पासून'. आपण 'सकाळपासून उभी आहे' म्हणतो आणि 'दोन तासांपासून उभी आहे' असंही म्हणतो. त्यामुळे ती दोन्हीकडे 'सिन्स' लिहायची. सरांनी सोपं करून दिलं. कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर 'सिन्स', किती वेळ झाला ते सांगायचं असेल तर 'फॉर'. सिन्स मॉर्निंग, फॉर टू अवर्स.

तिसरं तर तिच्या कामाचंच होतं. 'आत्ताच गोळी दिली' आणि 'काल गोळी दिली', मराठीत दोन्हीकडे 'दिली'. इंग्रजीत आत्ताचं असेल तर 'आय हॅव जस्ट गिव्हन', कालचं असेल तर 'आय गेव्ह'. ती कालच्यालाही 'हॅव गिव्हन' लावायची. मग स्वतःच म्हणाली, "काकू, ड्यूटी बदलताना मी असं बोलले आणि पुढच्या नर्सचा घोटाळा झाला तर? गोळी दोनदा जाईल किंवा जाणारच नाही." त्या दिवसापासून तिला व्याकरण म्हणजे परीक्षकाचा छळ वाटेनासा झाला.

'सल्ला'चं आपण 'सल्ले' करतो, म्हणून ती 'अ‍ॅडव्हायसेस' लिहायची. इंग्रजीत तसं होत नाही. आपण तरी 'माहिती'चं 'माहित्या' करतो का? त्यांच्याकडे सल्ला, माहिती, फर्निचर हे सगळे एकाच पंगतीला बसतात, त्यांना 'एस' वाढायचा नाही. 'अमुकबद्दल चर्चा' म्हणायची आपल्याला सवय, म्हणून 'डिस्कस'च्या मागं 'अबाउट' यायचंच. ते काढलं.

शब्द एकटा ठेवायचा नाही

आता त्या हजार शब्दांच्या यादीचं काय? ती आम्ही बंद करून ठेवली. शब्द जोडीनं राहतात. पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, चहा कडक. मुसळधार थंडी म्हणालं कुणी, तर अर्थ कळेल पण हसू येईल. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि चहा 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करायची, घरकाम 'डू' करायचं. म्हणून वहीत सुटा शब्द लिहायचाच नाही असं ठरवलं. जोडी लिहायची आणि शेजारी स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य.

शिवाय एका शब्दाचं सगळं कुटुंब एकत्र. प्रिव्हेन्ट म्हणजे टाळणं, प्रिव्हेन्शन म्हणजे प्रतिबंध, प्रिव्हेन्टिव्ह म्हणजे प्रतिबंधक. 'पेशंट' शब्द तर ती रोज शंभर वेळा उच्चारायची, पण 'पेशंट' म्हणजे धीर धरणारी असाही अर्थ होतो, हे कळल्यावर म्हणाली, "मग आमच्या आई पेशंट आहेत!" मावशी दचकल्या. त्यांना वाटलं, हिनं मला आजारी पाडलं.

रोज रात्री दहा ओळी. विषय पुस्तकातला नाही, दिवसभरात घडलेला. वॉर्डातली आजी, भाजीवाल्याशी झालेली घासाघीस, मुलाचा हट्ट. त्यातली एकच चूक निवडायची. पानाच्या डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त, खाली कारण मराठीत. दुसऱ्या दिवशी त्याच नियमाची तीन नवी वाक्यं. शेवटच्या दोन महिन्यांत घड्याळ लावून पेपर लिहिले. परीक्षेत तासाभरात दोन उत्तरं द्यायची असतात, एक निदान १५० शब्दांचं, दुसरं निदान २५० शब्दांचं.

मावशी परीक्षक झाल्या

राहिलं बोलणं. ११ ते १४ मिनिटं परीक्षकासमोर बसायचं. मध्येच तो एक कार्ड देतो. त्यावर विषय असतो, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत एकटीनं बोलायचं. ही पोरगी विचार मराठीत करायची, मनात भाषांतर करायची आणि मध्ये 'अं… अं…' करत राहायची. सराव कुणासमोर करायचा?

मावशी म्हणाल्या, "मी बसते." सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. पण समोर वाटी घेतली, मांडीवर मूठभर शेंगदाणे. सुनेनं 'अं' केलं की एक दाणा वाटीत. पहिल्या दिवशी २३ दाणे पडले. दुसऱ्या दिवशी १९. मावशींना भाषा कळत नव्हती, अडखळणं मात्र बरोबर कळत होतं. नातू एकेक दाणा उचलून खायचा, त्यावरून भांडणं. डिसेंबर संपता संपता वाटीत चार-पाच दाणे उरले.

सगळं गोडच होतं असं नाही. नात्यातल्या एक बाई येऊन म्हणाल्या, "लेकरू टाकून सातासमुद्रापलीकडं निघाली, आणि सासू खुशाल शेंगदाणे मोजतेय." सून आत जाऊन रडली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, आपल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात, तिकडे बंगालमध्ये, लोकांसमोर उभं राहून इंग्रजीत सांगितलं की मी का चालले आहे. वय अठराच्या आसपास. १८८६ ला पदवी घेतली. तेव्हाही लोक बोललेच होते." बाई गप्प बसल्या. पण खरं सांगते, लेकराचा प्रश्न आनंदीबाईंचं नाव घेऊन सुटत नाही. तो त्या घरानं बसून सोडवला. आधी ती जाईल, जम बसला की मुलाला आणि नवऱ्याला नेईल, तोवर आजी सांभाळेल. हे मावशीच बोलल्या, कुणी न विचारता.

जानेवारीत पुण्याला परीक्षा झाली. निकाल आला, तेव्हा मोबाईल उघडायची तिची हिंमत होईना. मीच उघडला. ऐकणं ७.५, वाचणं ७, बोलणं ७. लिहिणं, बरोब्बर ६.५.

मावशींनी आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग विचारलं, "आता पुरेल ना गं?"

पुरलं. पण हे पहिलं दार. पुढं नर्सिंगच्या ज्ञानाची कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिकडे गेल्यावर प्रत्यक्ष कामाची. पाटल्या अजून गहाणच आहेत. शिवाय या निकालाची मुदत दोन वर्षांची, तेवढ्यात सगळं जमवायचं.

हे सगळं लिहिलं, कारण आता लहान गावांतून अशा मुली वाढताहेत. कुणी नर्स, कुणी शिकायला निघालेली. कुणी लग्न होऊन इंग्लंडला जाणारी, तर तिलाही २०१० सालापासून तिकडच्या व्हिसासाठी साध्या बोलण्याची परीक्षा असते. त्यांच्या घरच्या बायकांनो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून बाजूला बसू नका.

घरच्या घरी एवढं कराच

• रोज दहा ओळी, स्वतःच्या दिवसाबद्दल. सुट्टी नाही.
• एका दिवशी एकच चूक. कारण मराठीत लिहून ठेवा.
• शब्द सुटा नको, जोडीनं आणि आपल्या वाक्यात.
• इंग्रजी बातम्या आधी पुन्हा न थांबवता ऐका. परीक्षेत आवाज एकदाच ऐकवतात.
• पाठ केलेला निबंध कितीही छान असला, तरी परीक्षेत नेऊ नका.
• जाणकार माणसाकडून आठवड्यातून एकदा तपासून घ्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही.
• फी भरण्याआधी आपल्याला नेमके किती गुण लागतात, ते त्या त्या संस्थेकडूनच पाहून घ्या. नियम बदलत असतात.

आता आमच्या तासाला तिघी-चौघी वाढल्या आहेत. बचत गटातल्याच. एकीला मुलाच्या शाळेचं पत्र वाचायचंय, एकीला औषधाच्या चिठ्ठीवरचं. परवा मावशीही वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "नात्याबित्याचं नंतर बघू, मला आधी माझं नाव इंग्रजीत लिहायला शिकव. ती तिकडं गेल्यावर पाकिटावर माझंच नाव घालणार आहे."

पहिलं अक्षर काढताना त्या थांबल्या, 'अं…' म्हणाल्या. सुनेनं हळूच वाटी पुढं सरकवली.