ज्वाला सोपी, उजेड अवघड

संगणकाच्या पडद्यावर आग लावणे हे तसे दहा मिनिटांचे काम. 'फोटोशॉप' ही चित्रांवर संस्कार करणारी आज्ञावली १९९० साली बाजारात आली आणि त्या दशकात जळती अक्षरे काढण्याची एक कृती लोणच्याच्या कृतीसारखी हातोहात फिरली. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे लिहायची आणि सगळे चित्र काटकोनात आडवे करायचे. का? तर त्यातला 'विंड' नावाचा वारा फक्त डावी-उजवीकडे वाहतो, वर फुंकता येत नाही! म्हणून अक्षरांनाच कुशीवर निजवायचे, दोन-तीन झोत द्यायचे आणि पुन्हा उभे करायचे. माथ्यावर पांढऱ्या झिपऱ्या उठतात. त्या जरा पुसट करायच्या, जरा लहरवायच्या. इथवर आगीचा पत्ता नाही, नुसती राखाडी भुतावळ.

मग येते २५६ छटांची रंगसारणी. ही चक्क खतावणी आहे : एका रकान्यात करडी छटा, समोरच्यात तिचा रंग. त्यातली 'ब्लॅक बॉडी' नावाची सारणी निवडली, की काळ्यातून लाल, लालातून नारिंगी, पिवळा आणि अखेर पांढरा असे रंग चढत जातात. हा क्रम कुणा चित्रकाराच्या लहरीने ठरलेला नाही. लोहाराच्या भट्टीतले लोखंड याच क्रमाने तापते, आणि तप्त वस्तूच्या प्रकाशाचे गणित माक्स प्लांक यांनी १९०० साली मांडले.

ज्वाला तयार झाली, की ती 'स्क्रीन' पद्धतीने कुठल्याही छायाचित्रावर ठेवता येते. काळे विरते, उजेड तेवढा उरतो. म्हणजे कुणाच्याही घराला आग! अफवांच्या दिवसांत असे चित्र काय करू शकते, हे सांगायला नको. अशा वेळी ज्वालांकडे नव्हे, शेजारच्या भिंतीकडे पाहावे. ती तांबूस झाली आहे का? सावल्या आगीपासून दूर पडल्या आहेत का? चिकटवलेली ज्वाला स्वतः भडकते, पण भोवताल उजळत नाही. तो उजेड हाताने, चिकाटीने रंगवावा लागतो. आताची कृत्रिम बुद्धिमत्ता भिंतही रंगवून देते, त्यामुळे ही परीक्षा पूर्वीइतकी भरवशाची उरलेली नाही, हेही खरे.

हा भोवतालचा उजेड पाहायचा तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात जावे. तिथे सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' आहे. (पुष्कळजण ते रविवर्म्याचे समजतात, ही नोंद दुरुस्त करून घ्यावी.) स्त्रीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. ज्योत हाताआड, आणि सगळी किमया बोटांतून झिरपणाऱ्या लालीत, चेहऱ्यावर पडलेल्या सोनेरी कवडशात. तेही जलरंगात! पडद्यावर काळोखावर उजेड चढवता येतो, चुकला तर पुसताही येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखून ठेवायचा आणि त्याच्याभोवती काळोख रंगवीत यायचे.