दगडी कोळशाचा निरोप आणि कामकऱ्याची भाकरी

विहिरीवर चालणारी मोट आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिली असेल. आमच्या नातेपुते परिसरातील वडीलधाऱ्या माणसांना मात्र तिची आठवण आहे. एका मोटेमागे किती हातांना काम असे! कातडे कमावणारा वेगळा, मोट शिवणारा वेगळा, नाडा व सोंदूर वळणारा वेगळा, चाक घडवणारा सुतार वेगळा. पुढे तेलावर चालणारे इंजिन आले आणि त्याच्या मागोमाग विजेची मोटार आली. बैलांचे कष्ट वाचले, पाणी भरपूर निघू लागले, ऊस वाढला. या सुधारणेला नावे ठेवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. परंतु मोट शिवणाऱ्याचे व नाडा वळणाऱ्याचे पुढे काय झाले, हे गावच्या कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. कोणी मुंबई-पुण्याची वाट धरली, कोणी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस लागले. त्यांना कोणी विचारले नाही, एवढे खरे.

हे सर्व आठवण्यास कारण झाला तो आमच्या नववीच्या वर्गातील एक प्रश्न. ऊर्जेचा पाठ चालला होता. दगडी कोळसा जाळणे हळूहळू थांबवावे लागेल, असे मी सांगताच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “मग सर, कोळशावर ज्यांचे पोट आहे, त्यांनी काय करायचे?” त्या दिवशी मी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

कोळसा का सोडावयाचा, हे प्रथम पाहू. कोळशातील मुख्य द्रव्य कार्बन. १२ किलो कार्बन पूर्णपणे जळला की हवेतील ३२ किलो प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन ४४ किलो कर्बवायू तयार होतो. म्हणजे जळणाच्या वजनापेक्षा धुराचेच वजन अधिक! हा वायू दिसत नाही, पण पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता तो अडवून धरतो आणि त्यामुळे हवामान बिघडते. पावसाचा भरवसा नसणे म्हणजे काय, हे माळशिरस तालुक्याच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने असे जाहीर केले की, २०७० सालापर्यंत आपण हवेत जितका असा वायू सोडू, तितकाच परत शोषून घेण्याची सोय करू. याचा अर्थ आजचे विद्यार्थी पन्नाशी-साठीस पोहोचेपर्यंत ही सारी उलथापालथ होऊन जावयाची आहे.

ती कोणाच्या अंगणात होणार? महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोळशाच्या खाणी विदर्भात आहेत आणि सरकारी वीजकेंद्रांपैकी सर्वांत मोठे, २९२० मेगावॅटचे, चंद्रपुरास आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यातही १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. ते अगदी अलीकडचे असल्यामुळे त्याच्या बंद होण्याची चर्चा आज कोणी करीत नाही. परंतु बंद होणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर बीड जिल्ह्यातील परळीकडे पाहावे.

परळीस वीजनिर्मिती सुरू झाली १९७१ साली. सुरुवातीचे ३० मेगावॅटचे दोन संच आणि त्यानंतरचे २१० मेगावॅटचे तीन संच आता कायमचे थांबले आहेत. २५० मेगावॅटचे तीन नवे संच तेवढे उरले आहेत. त्यातही फेब्रुवारी २०१३ मध्ये खडका बंधाऱ्यातील पाणी संपल्यामुळे सगळेच केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ च्या दुष्काळात तीच पाळी पुन्हा आली. वीजकेंद्रास कोळशाइतकेच पाणी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

केंद्र थांबले की कायम नोकराचे वेतन बुडत नाही, फार तर त्याची बदली होते. घरदार हलवावे लागते, मुलांची शाळा बदलते, आणि ही गोष्टही काही क्षुल्लक नव्हे. परंतु कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाची हजेरी त्याच दिवशी संपते. त्याच्या मागे रांगच आहे. कोळसा उतरवणारे आहेत, मालमोटारींचे चालक आहेत, फाटकासमोरचा चहावाला आहे, कामगारांच्या वसाहतीत भाजी विकणारी बाई आहे. परळीच्या आसपास कोळशाच्या राखेपासून विटा पाडण्याचा मोठा धंदा उभा राहिला आहे. ही राख फुप्फुसांना वाईट, पिकांना वाईट, उघड्यावर वाहून नेली तर रस्त्यालाही वाईट. तिचे गुणगान मी मुळीच करणार नाही. तरीही तिच्यावर चुली पेटतात, हेही खरे आहे. संच थांबला की राख थांबते. वीटभट्टीवरच्या मजुराचे नाव मात्र वीजकेंद्राच्या कोणत्याच यादीत सापडत नाही.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता धरावयाचा आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढावयाचे. ज्या मुलखात गावी राहून करण्याजोगे काम थोडे, तेथूनच माणसे अशी बाहेर पडतात. परळीसारख्या ठिकाणचे काम आणखी घटले तर त्या रांगेत भर पडेल, असे मला वाटते. कोळशाचा प्रश्न दूरचा वाटतो खरा, पण तो बैलगाडीत बसून आपल्या दाराशी येऊ शकतो.

कारखाना बंद पडला तर ती केवळ मालकाची बाब नव्हे, ही गोष्ट आपल्या देशास सोलापूरनेच प्रथम शिकवली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ साली बंद पडली. गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनास धक्का बसला आहे आणि फार मोठी बेकारी ओढवली आहे, असे कारण देऊन जानेवारी १९५० मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढला व तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने ती फेटाळली. पुढे ती गिरणी टिकली नाही, ही गोष्ट निराळी. बेकारी हे सरकारने हस्तक्षेप करण्याजोगे कारण आहे, हे मात्र तेव्हाच मान्य झाले. मुंबईच्या गिरणगावाच्या वाट्यास तेवढेही आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचा जो संसार विस्कटला, त्यांतील कित्येकांची घराची मागणी ती पिढी म्हातारी झाली तरी पुरी झालेली नव्हती.

परदेशातही दोन्ही तऱ्हा दिसतात. इंग्लंडात १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडल्यावर खाणी भराभर बंद झाल्या आणि खाणींवर जगणारी गावे पुढे कित्येक वर्षे सावरली नाहीत. तेथील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणींचा शेवट २००७ सालीच ठरवला आणि अखेरची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. मधल्या अकरा वर्षांत वयस्क कामगारांना निवृत्तिवेतन दिले आणि तरुणांना दुसरे काम शिकवले. त्यास अपार पैसा लागला. तेवढा आपल्यापाशी नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तारीख आधी सांगण्यास फारसा पैसा लागत नाही! दक्षिण आफ्रिकेतील कोमाती येथील केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबले. तेथे सौरऊर्जेचे व प्रशिक्षणाचे बेत चांगले होते, परंतु नवी कामे उभी राहण्यापूर्वीच शेवटचा संच बंद झाला. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ मी एवढाच समजतो की, जुने दार लावण्याआधी नवे उघडले पाहिजे, आणि ते त्याच गावात उघडले पाहिजे.

हे सोपे नाही. सौरकेंद्र उभारताना पुष्कळ हात लागतात. एकदा उभे राहिले की पॅनेल धुणारे, राखण करणारे आणि थोडे तंत्रज्ञ एवढ्यावर भागते. शिवाय कोळसा चंद्रपुरास आणि ऊन सगळीकडे. तेव्हा नवे काम जुन्याच जागी येईल असा नियम नाही.

आता आपल्या शिवाराकडे वळू. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून जमीन भाड्याने घेऊन तीवर सौर पॅनेल बसवावयाचे; खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये भाडे. रात्रीच्या विजेसाठी थंडीत, विंचू-काट्यांतून मोटारीवर गेलेल्या पालकांना दिवसाच्या विजेचे मोल मी काय सांगावे? ज्याची जमीन, त्यास भाडेही मिळेल. परंतु आमच्या माळरानांवर मेंढ्याही चरतात. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, अशा कित्येक धनगर कुटुंबांची गुजराण त्या पडीक रानांवर होते. रानास तारेचे कुंपण पडले की भाडे एकास आणि नुकसान दुसऱ्यास, अशी वाटणी होते. परळीच्या वीटभट्टीवरील मजुराप्रमाणेच मेंढपाळाचेही नाव यादीत नसते.

यावर उपाय अगदीच नाही असे नव्हे. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे कित्येक सौरकेंद्रांत पॅनेलखाली मेंढ्या चरावयास सोडतात. गवत वाढून पॅनेलवर सावली पडू लागली की उत्पादन घटते, म्हणून ते कापावेच लागते. मेंढ्या ते काम करतात, आणि पॅनेलच्या सावलीत दुपारी बसतातही. त्यासाठी पॅनेल जरा उंच बसवावे लागतात, तारा झाकाव्या लागतात, आणि मेंढपाळास आत येण्याची वाट करारनाम्यातच लिहून घ्यावी लागते. जमिनीचा करार एकदा झाला की तो पुष्कळ वर्षांचा असतो. मागाहून त्यात ओळ घालता येत नाही. तेव्हा आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय निघेल, त्या दिवशी मेंढरे घेऊन रानात गेलेल्या माणसास निरोप धाडावा, आणि तो येईपर्यंत सभेने थांबावे.