गावाकडचा मित्र, एक दिवस आणि पुण्याचं पाणी

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि माझा खोकला काढून टाकलाय.

आजचा विषय साधा आहे. गावाकडचा मित्र एका दिवसासाठी पुण्याला आला, तर त्याला काय दाखवायचं?

मी मूळचा यवतचा. पुणे-सोलापूर हायवेवरचं, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचं आणि पिठलं-भाकरीचं गाव. बीटेक झालं, नोकरी लागली, आता पुण्यात राहतो. माझा शाळेतला मित्र यवतलाच ऊस करतो. यवत ते पुणे अंतर साधारण 45 किलोमीटर. तो पुण्यात शंभरदा आलाय. माल घेऊन मार्केट यार्डात, वडिलांना घेऊन दवाखान्यात. पण फिरायला? एकदाही नाही.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. “शनिवारी येतो. पुणं दाखव. इथं राहायला जमतंय का बघायचंय.” त्याला एका गोदामात काम मिळत होतं. वावर वाट्यानं द्यायचा विचार चालला होता.

मी लगेच शीट उघडली. अकरा ठिकाणं, प्रत्येकाला 35 मिनिटं. त्याला पाठवली तर म्हणाला, “आरं, हे फिरणं हाय का हजेरी?” बरोबर होतं त्याचं. मग मी ठिकाणं सोडली आणि एक धागा धरला. त्याच्या रोजच्या जगण्यातला धागा कोणता? पाणी. मग पुणं पाण्याच्या वाटेनं दाखवायचं ठरवलं.

सकाळ: नदीच्या खालून

तो पॅसेंजरनं पुणे स्टेशनला उतरला. गाडी आणू नका, हा माझा पहिला सल्ला. पेठांमध्ये अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. स्टेशनवरून मेट्रो पकडायची, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलायची आणि स्वारगेटच्या दिशेनं कसबा पेठेला उतरायचं. हा भुयारी मार्ग 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. मधे मेट्रो मुठा नदीच्या पात्राखालून जाते. मी सांगितलं तसं त्यानं वर छताकडं बघितलं. “म्हंजे आत्ता डोक्यावर नदी?”

तिथून चालत शनिवारवाडा. पाया 10 जानेवारी 1730 चा, पहिल्या बाजीरावाच्या काळातला. 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं, म्हणून आज तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढंच दिसतं. बरेच जण दिल्ली दरवाजासमोर सेल्फी काढून निघतात. तुम्ही आत जाऊन हजारी कारंजं बघा. सोळा पाकळ्यांचं कमळ. मित्रानं लगेच विचारलं, “मोटर नव्हती, तर पाणी उडायचं कसं?”

हा खरा प्रश्न. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या बांधीव नळांतून पाणी शहरात आणलं. कात्रज उंचावर, शहर सखल, त्यामुळे पाणी उतारानं येतं आणि दाबही मिळतो. वाटेत हौद. लोक तिथून पाणी भरायचे. मित्र म्हणाला, “म्हंजे आपली चारीच की. फक्त झाकलेली.”

दुपार: मंडई

मिसळ खाऊन मंडईत गेलो. ही इंग्रजांच्या काळातली इमारत, आधीचं नाव रे मार्केट. महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला होता. तो शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. मित्र मात्र भाव विचारत फिरत होता. कोथिंबिरीच्या एका जुडीचा दर ऐकून गप्प झाला. “आमच्याकडनं उचलतात तेव्हा हा आकडा कुठं जातो?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

संध्याकाळ: पर्वती

मंडईहून मेट्रोनं स्वारगेट, पुढं रिक्षानं पर्वती. 103 पायऱ्या. उन्हाळ्यात पाचनंतरच चढा, पाण्याची बाटली ठेवा. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर 1749 चं. पानिपतानंतर 1761 मध्ये नानासाहेबांनी इथंच देह ठेवला.

वरून सगळं शहर दिसतं. मी बोट दाखवून सांगत होतो. त्या बाजूला खडकवासला. त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही धरणं मिळून साधारण 29 टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे 2,831 कोटी लिटर. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

खाली उतरल्यावर कालवा लागला. भरून वाहत होता. आणि इथं माझी गाइडगिरी संपली.

“ह्यो आपला कॅनॉल,” तो म्हणाला.

खरंच आपला. नवा मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो, पुण्यातून हडपसरकडं जातो, हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूर तालुक्यापर्यंत 202 किलोमीटर पोचतो. पाणी वाहतं ते नुसत्या उतारावर. मी यवतला याच कॅनॉलच्या काठानं शाळेत जायचो आणि पुण्यात इतकी वर्षं याच्या बाजूनं बाइक नेतोय. दोन्ही एकच आहेत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग तो सांगायला लागला. धरणातलं पाणी आधी पिण्याला, मग शेतीला. शहर वाढलं की पिण्याचा वाटा वाढतो आणि उन्हाळी आवर्तन मिळणार का, किती दिवस, यावर मार्चपासून गावात चर्चा. शहरानं वापरून झालेलं पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलतात आणि जुन्या बेबी कालव्यात शेतीसाठी सोडतात. “तुम्ही आंघोळ केलेलं पाणी आमच्या उसाला,” तो हसत म्हणाला. मग विचारलं, “धरणं एवढी, तर तुमच्या सोसायटीत टँकर कशाला येतो रं?”

यालाही माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. धरण उशाला असूनही पाइप पोचायच्या आधी आमच्या इमारती उभ्या राहतात, एवढंच सांगितलं.

रात्री तो माझ्याकडं राहणार होता. पण घरून फोन आला, पाण्याची बारी मध्यरात्री आलीय. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. नोकरीचं काय, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. रात्री दोनला व्हॉट्सॲपवर फोटो आला. बॅटरीच्या उजेडात सरीतून वाहणारं पाणी. खाली लिहिलं होतं, “संध्याकाळी बघितलं त्याच कॅनॉलचं.”

तर मंडळी, मित्राला शहर दाखवताना यादी छोटी ठेवा. एक धागा त्याच्या जगण्यातला निवडा, तीन ठिकाणं पुरतात. आणि शेवटच्या ठिकाणी त्याला बोलू द्या. तुमच्या गावातून तुमच्या शहरात काय येतं, काय जातं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!