रॉकेलवर चालणारी पाणबुडी

माझगाव डॉकमध्ये जर्मन सहकार्याने सहा पाणबुड्या बांधण्याचा विषय निघाला की चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते. किंमत किती, आणि पाणबुडी वर न येता किती दिवस पाण्याखाली राहणार? हा दुसरा प्रश्न जर्मन आरमाराला शंभराहून अधिक वर्षे छळतो आहे. पण पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या एका जुनाट पाणबुडीची कहाणी वाचली की तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटू लागतो. आपल्याकडे तो फारसा कुणी विचारत नाही.

पाणबुड्यांच्या शर्यतीत जर्मनी उशिरा उतरला. फ्रान्स, अमेरिका, ब्रिटन पुढे गेले होते आणि जर्मन आरमाराचे प्रमुख टिर्पिट्झ यांचा जीव मोठ्या युद्धनौकांत अडकला होता. कीलच्या गोदीत बांधलेली 'यू-१' नौदलात आली ती १९०६च्या डिसेंबरात. पाण्याखाली बॅटरी आणि विजेची मोटर वापरायची, हे ठरलेले होते. अडचण होती ती पाण्यावर चालताना लागणाऱ्या इंजिनाची. पेट्रोलची वाफ बंदिस्त जागेत साठली तर स्फोट होण्याची भीती, आणि डिझेल इंजिन अजून भरवशाचे झालेले नव्हते. म्हणून जर्मनांनी रॉकेल निवडले. पहिल्या अठरा पाणबुड्या रॉकेलवरच चालल्या. डिझेल आले ते १९१३ साली, 'यू-१९'पासून.

रॉकेलने स्फोटाचा धोका कमी केला, पण लपण्यासाठी बांधलेल्या नौकेला धूर दिला. दिवसा पांढरा धुराचा लोट दुरून दिसे, रात्री ठिणग्या उडत. धूर सोडण्यासाठी वर धुरांडे उभारावे लागे आणि बुडी मारण्याआधी ते उतरवावे लागे. शत्रू दिसल्यावर जिथे एकेक क्षण मोलाचा, तिथे ही कसरत.

'यू-९' याच पिढीतली. डान्झिगच्या सरकारी गोदीत बांधलेली, १९१०मध्ये सेवेत आलेली. लांबी ५७ मीटर, वजन पाण्यावर ४९३ टन. वेग पाण्यावर १४ नॉट, पाण्याखाली जेमतेम ८. पुढे दोन आणि मागे दोन टॉर्पेडोच्या नळ्या, एकूण टॉर्पेडो सहा. आतल्या जगण्याचे वर्णन तिच्यावरचे अधिकारी योहानेस स्पीस यांनी लिहून ठेवले आहे. त्यांची झोपायची जागा इतकी अरुंद होती की पाठीवर पडताच येत नसे; भिंत आणि कपाट यांच्या बेचक्यात कुशीवर अडकून पडायचे. थंड पोलादावर दमट हवेचे पाणी जमे आणि झोपलेल्यांच्या तोंडावर ठिबकत राही.

२२ सप्टेंबर १९१४ रोजी पहाटे ही 'यू-९' नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर होती. वादळापासून वाचण्यासाठी रात्र पाण्याखाली काढलेली, आता बॅटरी भरायची होती. तेवढ्यात क्षितिजावर डोलकाठ्या दिसल्या. धुराने आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून स्पीस यांनी ताबडतोब इंजिने थांबवली. कमांडर ओटो वेडिगेन यांनी बुडी मारली. समोर 'अबूकिर', 'होग' आणि 'क्रेसी' या तीन ब्रिटिश क्रूझर होत्या, प्रत्येकी बारा हजार टनांच्या.

सहा वाजून वीस मिनिटांनी 'अबूकिर'ला टॉर्पेडो लागला. आपण सुरुंगावर आदळलो, असे तिच्या कप्तानाला वाटले आणि त्याने बाकीच्या दोघींना मदतीला बोलावले. 'होग'ने होड्या सोडायला सुरुवात केली. तिला दोन टॉर्पेडो लागले. मग 'क्रेसी'. दीड-पावणेदोन तासांत तिन्ही तळाला. १,४५९ माणसे गेली. त्यांत मोठ्या संख्येने होते ते परत बोलावलेले राखीव दलाचे प्रौढ खलाशी, आणि प्रशिक्षण अर्धवट सोडून आलेली काही कोवळी मुलेही.

हा पाणबुडी नावाच्या नव्या शस्त्राचा विजय, असे नेहमी सांगितले जाते. मला ते पटत नाही. यंत्र तेच होते, धूर ओकणारे आणि कुरकुरणारे. ऑगस्टमधल्या पहिल्याच मोहिमेतून इंजिन बिघडल्याने 'यू-९'ला परतावे लागले होते. फरक पडला तो सरावाने. युद्धाच्या तोंडावर, १६ जुलै १९१४ला, 'यू-९'ने पाण्याखाली असतानाच नळ्यांत पुन्हा टॉर्पेडो भरून दाखवले. असे करणारी ती जगातली पहिली पाणबुडी. आता हिशेब मांडा. नळ्या चार, त्या सकाळी डागलेले टॉर्पेडो सहा. म्हणजे दोन टॉर्पेडो पाण्याखाली भरलेले होते, आणि 'क्रेसी'ला संपवणारा शेवटचा त्यांतलाच. टॉर्पेडो सुटला की टोक हलके होऊन वर येई. तोल सावरण्यासाठी खलाशी पुढे-मागे धावत. हे काम यंत्राने केलेले नाही.

समोरचा गाफीलपणाही तितकाच खरा. ब्रिटिश नौदलातच या ताफ्याला 'जिवंत आमिष' म्हणत. या नौका तिथून हलवाव्यात, असे नौदलमंत्री चर्चिल यांनी चारच दिवस आधी लिहिले होते. खराब हवामानामुळे सोबतच्या विनाशिका परतल्या होत्या, आणि क्रूझर सरळ रेषेत, संथ चालल्या होत्या.

त्याच रात्री 'एम्डन' या जर्मन क्रूझरने मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागल्या. पुढे जर्मन सम्राट कैसरने आयर्न क्रॉस या शौर्यपदकाचे चिन्ह मिरवण्याचा मान 'यू-९' आणि 'एम्डन' या दोनच नौकांना दिला. ऑक्टोबरात 'यू-९'ने 'हॉक' ही क्रूझरही बुडवली. वेडिगेन १९१५च्या मार्चमध्ये 'यू-२९'सह बुडाले; 'ड्रेडनॉट' या युद्धनौकेने त्यांना धडक दिली. 'यू-९' मात्र १९१६पासून प्रशिक्षणाला लागली. तिचे यंत्र कालबाह्य झाले होते, तिच्यावर घडलेले कौशल्य नव्हे.

आता माझगावकडे वळू. कीलच्या तंत्रावर इथे बांधलेली 'शल्की' १९९२मध्ये, 'शंकुल' १९९४मध्ये नौदलात आली. त्यानंतर काम थांबले. पुढच्या पाणबुड्यांचा करार झाला २००५मध्ये, आणि त्यांतली पहिली 'कलवरी' सेवेत यायला २०१७ उजाडले. मधल्या काळात पाणबुडीच्या पोलादाचे वेल्डिंग शिकलेले हात पांगले, निवृत्त झाले. ते शिक्षण पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागले.

म्हणून तिसरा प्रश्न विचारायला हवा: माणसांचे काय? सहा पाणबुड्या पाण्यात उतरल्यावर त्या बांधणाऱ्या कामगारांना पुढचे काम असेल का, आणि त्या चालवणाऱ्यांना सरावासाठी पुरेसे दिवस समुद्र मिळेल का? करारात या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर तो करार अपुरा आहे.