विक्रीपत्रास नकार

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये ‘केशवाणिज्य’ येते. दास-दासी व पशू यांची खरेदी-विक्री त्यात मोडते. अठराव्या शतकातील अमेरिकेत मात्र माणसांचा हा व्यापार प्रतिष्ठित होता, आणि क्वेकर पंथाच्या जॉन वुलमन (१७२०–१७७२) यांनी त्याला पहिला विरोध केला तो दुकानाच्या गल्ल्यावरूनच.

न्यू जर्सीतील माउंट होली येथे ते नोकरीस होते. मालकाने एक गुलाम स्त्री विकली व विक्रीपत्र लिहिण्यास सांगितले. खरेदीदार समोर ताटकळत होता. वुलमन यांनी ते लिहिले. मात्र गुलाम बाळगणे आपल्या धर्माशी विसंगत आहे, असे दोघांनाही सांगितले. लिहिल्याची रुखरुख तरीही गेली नाही. पुढे एका जखमी शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहिण्यास सांगितले, तेव्हा गुलाम स्त्रीविषयीचा भाग वगळून उरलेले त्यांनी लिहून दिले आणि लिहिणावळ नाकारली. बोलण्याअंती शेजारी तिला मुक्त करण्यास राजी झाला. मगच मृत्युपत्र पूर्ण झाले.

स्वातंत्र्य हा सर्व माणसांचा समान निसर्गदत्त हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. जुलमाने पिकलेला माल वापरणाराही जुलमाचा भागीदार ठरतो, असे ते मानीत. म्हणून त्यांनी साखर सोडली. १७५७ च्या दक्षिण प्रवासात गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी मुक्काम पडे. फुकटचे आदरातिथ्य म्हणजे गुलामांचे बुडवलेले वेतनच, या हिशेबाने निघताना ते त्या गुलामांसाठी पैसे देत. यजमानाला हे किती झोंबत असेल! तरी त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे.

त्यांचे स्वतःचे दुकानही भरभराटीला आले होते. जैन परिभाषेत ज्याला परिग्रहपरिमाण म्हणतात, तशा वृत्तीने १७५६ मध्ये त्यांनी ते आवरते घेतले. शिवणकाम व सफरचंदाची बाग यांवर निर्वाह चालवला. १७५८ च्या फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेत त्यांच्या आग्रहाने, गुलाम बाळगणाऱ्या पंथबांधवांना घरोघरी भेटून समजावण्यासाठी समिती नेमली गेली. गुलाम बाळगण्यावर पूर्ण बंदी १७७६ मध्ये आली.

तोवर वुलमन हयात नव्हते. १७७२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे टपालगाड्यांचे घोडे मरेपर्यंत पळवले जातात, हे कळताच त्यांनी त्या गाड्यांतून जाणे नाकारले आणि लंडनहून यॉर्कपर्यंत पायी गेले. यॉर्क येथेच ७ ऑक्टोबर रोजी देवीच्या रोगाने त्यांचे निधन झाले.